समुद्रात काही डसलं, टोचलं किंवा चावलं तर काय करायचं (कोकण-गोव्याला जाणाऱ्यांसाठी)

गणपती जवळ आले की दरवर्षी मला एकच काळजी लागते, गुडघाभर पाण्यात अनवाणी उतरणाऱ्या माणसांची. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या विसर्जनाला पाकट माशांनी कित्येक जणांच्या पायात काटे मारले होते, लोक एकामागून एक कळवळत बाहेर येत होते आणि बऱ्याच जणांना तर आपल्याला नक्की काय झालंय तेच कळत नव्हतं. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, बाबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जायचे, त्यामुळे पाकट, शिंगाळा (समुद्रातला कॅटफिश), केंड (पफरफिश), दर्यातले साप हे सगळं लहानपणापासून जाळ्यात बघितलेलं, आणि त्यांच्यावरचे चुकीचे उपायही बघितलेले. म्हणून हे सविस्तर लिहितेय, वाचून झालं की घरातल्या सगळ्यांना सांगा प्लीज.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या किनाऱ्यावर माणसाच्या मागे लागून हल्ला करणारं जनावर जवळजवळ नाहीच, आपण ज्याच्यावर पाय देतो किंवा ज्याला हात लावतो तेच आपल्याला इजा करतं. म्हणजे पाय आणि हात सांभाळले की अर्ध्याहून जास्त काम झालं.

पाकट

पाकट, कुठे वागळी म्हणतात, हा चपटा मासा. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून बसतो, फक्त डोळे वर, आणि गढूळ पाण्यात तेही दिसत नाहीत. त्याच्या शेपटीवर एक काटा असतो, दोन्ही कडांना करवतीसारखे दात आणि ते दात उलटे, म्हणजे आत सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. त्या काट्यावर विषारी आवरण असतं. आपला पाय पाठीवर पडला की तो घाबरून शेपटी वर फेकतो आणि काटा घोट्याच्या आसपास बसतो.

मी नववीत होते तेव्हा रापण ओढताना आमच्या काकाला पाकटाने मारलं. काका म्हणजे दांडगा माणूस, पण वाळूत बसून लहान पोरासारखा रडत होता. जखम बघितली तर घोट्याच्या आतल्या बाजूला एवढंसं भोक, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, कडा निळसर-पांढऱ्या पडलेल्या आणि त्यातून पातळ रक्त येतंय, बास. जखम एवढीशी आणि दुखणं मांडीपर्यंत. कोणी म्हणे हळद भर, कोणी म्हणे बर्फ लाव, एकाने तर वर दोरी आवळून बांधायला घेतली. आमच्या आबांनी सगळ्यांना बाजूला केलं, आजीला चुलीवरच्या तपेल्यातलं गरम पाणी आणायला सांगितलं, बादलीत थंड ओतून बेताचं केलं, आधी स्वतःचा हात बुडवून बघितला आणि मग काकाचा पाय घोट्याच्या वरपर्यंत त्यात ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत काकाचं रडणं थांबलं. पाणी निवायला लागलं की कळ परत चढायची, मग आजी तांब्याने परत गरम ओतायची, असं तासभर चाललं.

तेव्हा मला वाटलं हा घरगुती उपाय असेल. पण नंतर वाचलं तर जगभरचे डॉक्टर हेच सांगतात. पाकटाचं विष प्रथिनांचं बनलेलं असतं आणि ती प्रथिनं उष्णतेने मोडतात. पाणी साधारण ४५ डिग्री, म्हणजे सोसेल इतकं कढत, आणि पाय त्यात ३० ते ९० मिनिटं. मात्र पाणी तपासायचं ते दुसऱ्या चांगल्या हाताने किंवा पायाने, किंवा सोबतच्या माणसाने, कारण ज्याला लागलंय त्याला दुखण्यापुढे भाजतंय हे कळतच नाही. डायबेटिसमुळे पाय बधिर असलेली माणसं आणि लहान मुलं यांच्या बाबतीत तर नक्कीच दुसऱ्याने बघायचं. आम्ही तिथे कधी थर्मामीटर लावला नाही, पण आता छोटे मिळतात, बॅगेत टाकायला हरकत नाही.

क्रम असा: आधी माणसाला पाण्याबाहेर काढा, रक्त जास्त असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरा, मग जखम धुवा, मग गरम पाणी. किनाऱ्यावर गरम पाणी कुठून आणायचं असं वाटेल, पण चहाची टपरी कुठे नाही? पळत जाऊन पातेलंभर पाणी मागा, कोणी नाही म्हणत नाही. दुखणं थांबलं म्हणून तिथेच सोडून देऊ नका, दवाखान्यात जायचंच, कारण काट्याचे तुकडे किंवा आवरणाच्या चिंध्या आत राहतात आणि आठवड्याने पाय सुजून पू होतो. एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टर म्हणाले तर अँटिबायोटिक. काकाने इथेच हयगय केली, दोन महिने लंगडत होता.

काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे काटा अजिबात उपटायचा नाही, आहे तसा हलणार नाही असा धरून ठेवायचा आणि सरळ १०८ ला फोन. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह अर्विन, टीव्हीवर मगरी पकडणारा, ४ सप्टेंबर २००६ ला पाकटाचा काटा छातीत लागूनच गेला. असं फार क्वचित होतं, पण होतं.

आणि टाळायचं कसं तर आमच्याकडे पोरांना पाण्यात सोडताना म्हातारी माणसं एकच वाक्य बोलायची, "पाय उचलू नको रे, घसटत चल." पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत पुढे न्यायचं. पाकटाला आधी धक्का कळतो आणि तो निघून जातो, त्याला तुमच्याशी भांडण नसतं. विसर्जनाला गमबूट घाला. काटा पातळ रबरातूनही जाऊ शकतो, पण अनवाणी पायापेक्षा शंभर पटीने बरं.

शिंगाळा

याबद्दल पर्यटक फारसे विचारत नाहीत पण कोळ्यांना आणि मासे साफ करणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त त्रास यानेच. शिंगाळ्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना, आणि तो घाबरला की ते ताठ उभे करून कुलूप लावल्यासारखे पक्के करतो. मेलेल्या माशाचा काटाही तेवढाच टोचतो, म्हणून बाजारातून आणलेला शिंगाळा साफ करताना पहिलं काम म्हणजे विळीवर किंवा कोयत्याने काटे उडवणं. गरीने, म्हणजे गळाने, पकडलात तर पोटाकडून मुठीत धरू नका. टोचला तर उपाय तोच, गरम पाणी, धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन. बोट दोन दिवसांनी लाल होऊन ठणकायला लागलं तर थांबू नका, हाताचा संसर्ग फार लवकर वर चढतो.

जेलीफिश आणि ब्लू बॉटल

पावसाळ्यात जुहू, गिरगाव, अक्सा इकडे वाळूवर निळ्या छोट्या फुग्यांसारखं काहीतरी वाहून आलेलं दिसतं, मुलं लगेच उचलायला धावतात. ती ब्लू बॉटल. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत तिने बऱ्याच लोकांना डंख केले होते. खरं तर ती जेलीफिश नाहीच, अनेक छोट्या जिवांची मिळून झालेली वसाहत आहे, वरचा फुगा शिडासारखा वाऱ्यावर चालतो आणि म्हणूनच पावसाळी वारे सुटले की ती किनाऱ्याला लागते. फुगा वितीपेक्षाही लहान, पण खाली लोंबणारे धागे कित्येक मीटर लांब असतात, त्यामुळे फुगा लांब दिसतोय म्हणून आपण सुरक्षित असं समजू नका. आणि वाळूवर पडून मेलेली, अर्धी सुकलेली असली तरी धाग्यांमधले डंख जिवंतच असतात. मुलांना हे एक वाक्य घरूनच शिकवून न्या, निळा फुगा दिसला की हात लावायचा नाही, पायाने फोडायचा नाही.

गोव्यात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बागा-कळंगुट, कांदोळी हा पट्टा आणि दक्षिण गोवा मिळून दोन दिवसांत नव्वदच्या वर लोकांना जेलीफिशचे डंख झाल्याचं तिथल्या जीवरक्षकांनी सांगितलं होतं, म्हणजे हे फक्त पावसाळ्याचं दुखणं नाही.

डंख झाला की चाबकाचा फटका बसल्यासारखी आग होते आणि लाल रेघा उठतात. आता नीट वाचा कारण इथेच सगळे चुकतात. वाळूने घासायचं नाही. टॉवेलने पुसायचं नाही. बाटलीतलं थंड गोडं पाणी ओतायचं नाही, कारण अंगाला चिकटलेल्या धाग्यात अजून न फुटलेले हजारो डंख असतात आणि घासलं किंवा गोडं पाणी लागलं की ते फुटतात. आणि लघवी तर अजिबात नाही, हे कुठून आलं देव जाणे पण बीचवर हमखास कोणीतरी सुचवतं. काय करायचं तर समुद्राचंच खारं पाणी ओतून धुवायचं, राहिलेले धागे चिमट्याने किंवा काठीने, नाहीतर हाताला जाड फडकं गुंडाळून अलगद उचलायचे, आणि सगळे निघाले की मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटं तरी धरायचा. खोलीवर गेलात तर गरम शॉवरखाली बसलात तरी चालेल, तोपर्यंत धागे निघालेले हवेत एवढंच.

व्हिनेगरचं विचारतात बरेच जण. ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिश नावाची जी जीवघेणी जात आहे तिच्यावर व्हिनेगर ओततात आणि तिथे ते बरोबर आहे. ब्लू बॉटलच्या बाबतीत मात्र जाणकारांमध्येच दोन तट आहेत, म्हणून माझं मत असं की आपल्याकडे खारं पाणी आणि मग गरम पाणी यावरच राहा.

डंखाने बहुतेक वेळा तासाभरात आग कमी होते. पण श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, उलट्या, छातीत दुखणं, चक्कर, किंवा डंख लहान मुलाला अंगभर झाला, यातलं काहीही असेल तर वाट न बघता हॉस्पिटल. आणि माणूस पाण्यात असतानाच डंख झाला तर आधी त्याला बाहेर ओढा, दचकून नाकातोंडात पाणी जाऊन बुडण्याची भीती डंखापेक्षा मोठी असते.

दर्यातले साप

सिंधुदुर्गच्या आणि गोव्याच्या जाळ्यांमध्ये हे नेहमीचे. ओळख एकच आणि पक्की, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. वाम किंवा दुसरा लांबट मासा समजून लोक हात घालतात, म्हणून रात्री जाळं झाडताना बॅटरीच्या उजेडाशिवाय आत हात नको. पोहणाऱ्या माणसाला हे साप शक्यतो चावत नाहीत, चावतात ते जाळ्यात अडकलेले आणि हाताने उचलून फेकलेले. ओहोटीला वाळूवर पडलेला साप दिसला तर तो मेला समजून फोटोसाठी शेपटीला धरू नका.

यातली अवघड गोष्ट म्हणजे चावा दुखत नाही. दोन बारीक टिंबं, सूज नाही, आग नाही, माणूस म्हणतो काय झालं नाही आणि घरी जाऊन जेवून झोपतो. विष भिनलं असेल तर अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत अंग दुखायला लागतं, मान आखडते, जबडा उघडत नाही, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि पुढे लघवी काळ्या चहासारखी होते. ती काळी लघवी म्हणजे स्नायू विरघळून मूत्रपिंडात चाललेत याची खूण. म्हणून चावा कितीही साधा वाटला तरी हॉस्पिटलमध्ये निदान एक दिवस-रात्र नजरेखाली राहायचं. बऱ्याच चाव्यांत विष सोडलेलंच नसतं, पण ते आधी कोणाला कळणार?

इथे गरम पाणी नाही, हे विसरू नका. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला आडवं करा, चावलेला हात किंवा पाय अजिबात हलवू देऊ नका, क्रेप बँडेज असेल तर मुरगळलेल्या पायाला बांधतो तेवढं घट्ट बोटांपासून वरपर्यंत गुंडाळा आणि काठी किंवा फळी बांधून स्थिर करा. चालवत नेऊ नका, उचलून न्या.

आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की समुद्रातला साप चावलाय. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनवलेली आहे, दर्यातल्या सापावर तिचा भरवसा नाही. अशा वेळी माणूस वाचतो तो व्हेंटिलेटर आणि डायलिसिसवर. त्यामुळे जवळचं छोटं केंद्र गाठा पण तिथूनच या दोन सोयी असलेलं मोठं हॉस्पिटल कुठलं ते विचारून गाडी तयार ठेवा. मला मनापासून वाटतं की या विषावरची लस आपल्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यांत असायला हवी, कारण हे चावे शहरातल्या पर्यटकाला होत नाहीत, पहाटे जाळं झाडणाऱ्याला होतात.

केंड

जाळ्यात आला की फुगून चेंडू होतो, पोरं त्याच्याशी खेळतात. चावला तर बोटाचा तुकडा काढील असे चोचीसारखे दात आहेत, पण खरा धोका खाण्यात. त्याच्या यकृतात, गाबोळीत, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते शिजवून, तळून, सुकवून, कशानेच जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, मग श्वास, आणि माणूस बहुतेक वेळ शुद्धीवर असतो हे जास्त भयंकर. त्याच्यावर उतारा औषध नाही, श्वास मशीनवर चालू ठेवून वेळ काढावी लागते. आमच्याकडे कोणी खात नाही, पण स्वस्तात कापलेले कातडी काढलेले अनोळखी माशाचे तुकडे मिळाले तर विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि किनाऱ्यावर फेकलेला केंड कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

बाकीचं थोडक्यात

खडकाळ किनाऱ्यावर, मालवण-देवगडकडे, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. जखम लहान असली तरी लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. लिव्हरचा आजार किंवा डायबेटिस असलेल्यांनी उघडी जखम घेऊन समुद्रात उतरूच नये, खाऱ्या पाण्यातल्या काही जंतूंचा संसर्ग एका दिवसात जिवावर बेतू शकतो. सी अर्चिनचे (खडकाला चिकटलेल्या काटेरी गोळ्यासारख्या जिवाचे) काळे काटे पायात मोडले तर गरम पाणी, दिसतील ते चिमट्याने काढा, खोल गेलेले कोरत बसू नका. खडकाच्या कपारीत हात नको.

अंदमान आणि लक्षद्वीपला आपली माणसं आता खूप जातात म्हणून तिथलंही सांगते. नक्षीदार, टोकाकडे निमुळता होत गेलेला जिवंत शंख खिशात टाकू नका, कोन जातीचे शंख बारीक भाल्यासारखा दात मारतात आणि त्यातल्या मोठ्या जातीने माणसं मेलेली आहेत. दगडासारखे दिसणारे स्टोनफिश तिथे आहेत, पाण्यात बूट घाला, टोचला तर परत तेच गरम पाणी आणि तातडीने हॉस्पिटल. आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० साली हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. मगरीचा बोर्ड दिसला की तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, स्थानिक गाइड काहीही म्हणो.

मोरीचं, म्हणजे शार्कचं, सगळे सगळ्यात आधी विचारतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वैतरणा खाडीत एका माणसाचा पाय शार्कने तोडला होता, ती बुल शार्क होती, ही जात गोड्या पाण्यातही आत शिरते. पण आपल्याकडे असं इतकं क्वचित होतं की त्यासाठी वेगळी तयारी करायची गरज नाही. पावसाळ्यात लाल झेंडा असताना पाण्यात उतरणारे त्याच्या कित्येक पट जास्त जिवानिशी जातात.

बॅगेत काय ठेवायचं

मोठा थर्मास भरून उकळतं पाणी, आणि एक घडीची बादली किंवा टब. चिमटा, दोन क्रेप बँडेज, बिटाडिन, स्वच्छ सुती कापड, पाण्यात घालायचे बंद बूट. फोनमध्ये १०८, ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह करा, आणि हॉटेलवर पोचल्या पोचल्या विचारून ठेवा की रात्री डॉक्टर असणारं जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि व्हेंटिलेटर कुठे आहे, अपघात झाल्यावर रेंज मिळेलच असं नाही.

आणि पाण्यात उतरण्याआधी सकाळी किनाऱ्यावर कोणी जाळं झाडत असेल तर पाच मिनिटं तिथे उभं राहून विचारा, "काका, आज काय गावलं?" जाळ्यात जेलीफिशचा गोळा दिसला, पाकटाची पिल्लं दिसली, तर त्या दिवशी वाळूतच बसा, मासे विकत घ्या आणि उद्या परत विचारा.